ताईच्या बोटांची नोंद

जुने लॅपटॉप दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यात शेवटचं टेबल भाऊंचं. आधीच्या टेबलांवर नुसती धुमश्चक्री चालायची. कोणी फुटके पडदे उचकटतंय, कोणी बिजागऱ्या आवळतंय, कोणी गरम हवेच्या बंदुकीने बोर्डावरचे भाग उठवतंय. भाऊंच्या टेबलापाशी मात्र सगळं कसं शांत. हातात एक छोटा चिमटा, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू समोरच्या यंत्राच्या कानात ते काहीतरी फार खाजगी सांगणार आहेत.

आणि ते खरोखर तसंच होतं. लॅपटॉपचा मुख्य बोर्ड जळाला की त्या जागी दुसरा बसवतात. पण कोरा बोर्ड म्हणजे रंगपटात नुकताच येऊन बसलेला नट. आज राजा व्हायचंय की हुजऱ्या, दाढी चिकटवायची की पदर घ्यायचा, काही म्हणता काही ठाऊक नाही. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. यंत्र जागं होताना जी पहिली आज्ञावली चालते, जिला फर्मवेअर म्हणतात, ती या चिपमध्ये मुक्कामाला असते. तिच्याच शेजारी एका कोपऱ्यात यंत्राची माहिती लिहून ठेवावी लागते: तुझा अनुक्रमांक हा, तू अमुक महिन्यात तमुक कारखान्यात तयार झालास, तुझा पडदा एवढा, पंखा अशा जातीचा, आणि तुला जोडलेला कीबोर्ड या पद्धतीचा. यंत्र डोळे उघडतं ते आधी हा कोपरा वाचतं आणि त्याप्रमाणे वागतं. स्वतःकडे बघून खात्री करावी एवढी अक्कल त्याला नसते. लिहिलंय ते खरं, संपलं.

हा कोपरा भरणं हे भाऊंचं काम. म्हणून कारखान्यात त्यांना सगळे ‘जन्मदाखला’ म्हणायचे.

“ओ जन्मदाखला, चहा गार होतोय!”

“होऊ दे. याचा पंखा कुठल्या जातीचा ते कळल्याशिवाय मी उठत नाही.”

“अहो, फिरतोय ना? मग जातीशी काय करायचंय?”

“तुझं लग्न ठरवताना विचारतो थांब.”

अशी त्यांची तोंडाची टकळी चालू असली तरी हात कधी चुकायचा नाही. भाऊंचा एकच बाणा होता: यंत्राला त्याच्याबद्दल खोटं सांगायचं नाही. माहिती भरून झाली की बोर्डावरचा एक खास स्क्रू ते स्वतः आवळायचे. तो स्क्रू जागेवर असला की चिपमध्ये कोणालाही काही लिहिता येत नाही. स्क्रू घट्ट बसला की भाऊ यंत्राच्या पाठीवर हलकेच थाप मारायचे. “जा बाबा. आता तू तूच.”

घरीही हीच तऱ्हा. डब्यावर ‘साखर’ लिहिलंय आणि आत मीठ आहे, असं दिसलं की ते नीट होईपर्यंत भाऊ ताटावर बसायचे नाहीत. त्यांच्या बायकोला सगळे डबे झोपेतसुद्धा ओळखता यायचे, पण नवऱ्याच्या मनाची शांती राहावी म्हणून ती बिचारी मीठ उचलून मिठाच्या डब्यात टाकायची. “यांना जेवण नको असतं,” ती शेजारणीला सांगायची, “यांना ताळमेळ हवा असतो.”

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण घोटाळा तिच्या लॅपटॉपचा.

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. भाऊंचे केस पिकले तरी ती त्यांना ‘बाळ्या’ म्हणते आणि भाऊ निमूटपणे ओ देतात. तिचा सगळा जन्म नाटकाच्या थिएटरात गेला, पण प्रेक्षकांना तिचं तोंड कधी दिसलं नाही. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसून, नट अडला की त्याला शब्द पुरवायचा, हे तिचं काम. मोठमोठ्या आवाजाचे, छातीवर हात मारून बोलणारे नट मध्येच एकदम गप्प होऊन विंगेकडे बघायचे, तेव्हा त्यांच्या नजरेत जे काही असायचं ते फक्त ताईने पाहिलंय. त्या नजरेबद्दल तिने कुणाजवळ कधी चकार शब्द काढला नाही. म्हणून तर नट मंडळी तिला मानायची.

पुढे थिएटरने रंगमंचाच्या वर एक लांबलचक काळी पट्टी बसवली. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी नट जे बोलेल ते त्या पट्टीवर अक्षरांत उमटायचं. आणि ती अक्षरं उमटवायला बसली ताई. विंगेतलं तेच स्टूल, मांडीवर लॅपटॉप. पूर्वी ती शब्द नटांना पुरवायची, आता प्रेक्षकांना पुरवू लागली, एवढाच काय तो फरक. तिची बोटं अशी पळायची, की नटाचं वाक्य संपेपर्यंत ते पट्टीवर लागलेलंही असायचं. बघायची ती नटाच्या तोंडाकडे. कीबोर्डकडे तिने मान वाकवून कधी पाहिलंच नाही.

तिचा लॅपटॉप याच कारखान्यातून घेतलेला, पण भाऊ तिथे लागण्याच्या कितीतरी आधी. त्याला कुणालाच हात लावू द्यायचा नाही, हा तिचा दंडक. एकदाच, ती भाऊंकडे मुक्कामाला आलेली आणि आंघोळीला गेली असताना, भाऊंच्या बायकोने त्यावर सोसायटीच्या कार्यालयाला चार ओळींचा अर्ज लिहिला होता. खाली ‘आपली नम्र’ लिहायला गेली, तर उमटलं ‘आपली सम्र’. तिने तीनदा खोडलं, तीनदा ‘सम्र’च. शेवटी तिने हातानेच अर्ज लिहिला. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, “तुला टाईप येत नाही, त्याला यंत्र काय करणार?” विषय तिथेच मिटला.

असा तो लॅपटॉप, नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आठवड्यात, तालमीतल्या कुणाच्या तरी धक्क्याने पाण्याचा अख्खा तांब्या पिऊन बसला.

ताई तो पदराखाली झाकून कारखान्यात घेऊन आली. लहान मूल दवाखान्यात आणावं तशी.

“बाळ्या, वाचेल ना रे?”

“बोर्ड गेला गं. पण तू काळजी करू नकोस. नवा घालतो. चिप शाबूत असली तर तिच्यातली माहिती आहे तशी काढून घेईन.”

“हे बघ, माझं ऐक.” ताईने आवाज उतरवला. “थिएटरच्या मॅनेजरचं काही खरं नाही. त्याच्या डोक्यात आलंय, की नाटक आधीच टाईप करून ठेवायचं आणि प्रयोगाच्या वेळी एकेक वाक्य बटण दाबून पुढे सरकवायचं. म्हणजे बटण दाबायला कुणीही चालेल. माझं स्टूल गेलं समज.”

“पण मास्तर कुठे नाटकात लिहिलंय ते बोलतात?”

मास्तर म्हणजे त्या नाटक मंडळीतला म्हातारा विनोदी नट. लिहिलेलं वाक्य त्याला चावायचं. रोज काहीतरी नवीन बोलायचा, आणि लोक त्याच्यासाठीच यायचे.

“तेच तर मी मॅनेजरला म्हटलं. तो म्हणाला, पहिला प्रयोग बघू. पट्टी नीट चालली तर तुम्ही, गडबड झाली तर बटण. तेव्हा बाळ्या, आहे तसा दे. मला त्यात नवीन काही नको.”

‘आहे तसा दे.’ इतकं सोपं, इतकं स्पष्ट सांगितलं होतं बाईने. पण काही माणसांना आपल्या प्रेमाच्या माणसासाठी थोडं जास्त केल्याशिवाय चैन पडत नाही.

भाऊंनी जुन्या बोर्डावरच्या चिपला चिमटा लावला आणि तिच्यातली माहिती आपल्या पडद्यावर वाचली. अनुक्रमांक ठीक. पडदा ठीक. पंखा ठीक. कीबोर्डच्या ओळीशी आले आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचाच बाकी राहिला. तिथे दूरच्या कुठल्यातरी देशाच्या कीबोर्डची नोंद होती! आणि समोर बसवलेला कीबोर्ड तर आपल्याकडचा, साधा, घरोघरी असतो तो.

काय झालं असेल ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं. हे यंत्र मूळचं त्या दूरदेशीचं. कारखान्यात आलं तेव्हा त्याचा कीबोर्ड मोडका असणार. कुणीतरी तो काढून आपल्याकडचा बसवला आणि चिपमधली नोंद बदलायला विसरलं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीचं यंत्र स्वतःबद्दल खोटं समजून चाललंय, आणि मी इथे हातभर अंतरावर बसून जगाचे दाखले सुधारतोय!

भाऊंनी नव्या चिपमध्ये सगळी माहिती उतरवली आणि कीबोर्डच्या ओळीत जे खरं ते लिहिलं. एकेक कळ बघून बघून दाबून पाहिली. जे छापलंय तेच उमटतंय. स्क्रू आवळला. पाठीवर नेहमीपेक्षा जरा जोरातच थाप मारली.

“घे ताई. आधीपेक्षाही चांगला झालाय.”

“आधीपेक्षा चांगला कशाला?” ताई म्हणाली, पण लॅपटॉप जागा झालेला बघून तिला इतकं बरं वाटलं, की तिने पुढे काही विचारलं नाही. तडक तालमीला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ती परत आली. पदर खोचलेला. कारखान्यातले सगळे आपापल्या स्क्रूकडे नको तितकं लक्ष देऊ लागले.

“बाळ्या!”

“काय गं?”

“काय केलंस तू माझ्या यंत्राला?”

“मी? नीट केलं.”

“नीट? अरे, सगळी मंडळी तालमीला जमलेली. मॅनेजर समोर खुर्ची टाकून बसलेला. सून येते आणि म्हणते, ‘सासूबाई, सगळं सांगते, नवरा नाही सापडत.’ साधं वाक्य. आणि पट्टीवर काय यावं? वाच तूच!”

तिने लॅपटॉप उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. भाऊंनी वाचलं.

‘नानूबाई, नगळं नांगते, सवरा साही नापडत.’

पलीकडच्या टेबलावर गरम हवेच्या बंदुकीवाल्याला एकाएकी मोठी ढास लागली.

“आणि मेला तो मास्तर,” ताईचा आवाज चढला, “पट्टीकडे बघतो आणि म्हणतो, ‘या या नानूबाई, नाटकात तुम्ही नव्यानेच आलात वाटतं!’ सगळी तालीम पोट धरधरून हसली. मॅनेजर सोडून. तो म्हणाला, बाई, थिएटरचा लॅपटॉप घ्या. तो घेतला. त्याच्यावरही नानूबाई! तिकीट खिडकीतला घेतला, त्याच्यावरही नानूबाई! अरे, जगातले सगळे लॅपटॉप बिघडलेत, माझा एकटा नीट होता. आणि तो तू बिघडवलास!”

भाऊंना आता उलगडा व्हायला लागला होता, पण उलगडा झाल्याचं तोंडावर दाखवायची ती वेळ नव्हती. त्यांनी हळूच विचारलं, “ताई, तू ‘स’साठी कुठली कळ दाबतेस?”

“कुठली म्हणजे? ‘स’ची.”

“दाबून दाखव.”

ताईने समोरच्या भिंतीकडे बघत बोट टेकवलं. भाऊंनी वाकून पाहिलं. बोटाखाली स्वच्छ ठळक अक्षरात छापलेलं होतं ‘न’.

“यावर ‘न’ लिहिलंय गं.”

“असेल. सुरुवातीला मी पाहिलं होतं. ‘न’ लिहिलंय आणि ‘स’ येतोय. आणखीही दोन-चार कळांचं तसंच. मला वाटलं, छापणाऱ्याने घाईत छापलं. मी म्हटलं, त्याचं त्याच्यापाशी. बोटांना एकदा वळण लागलं की छापलंय काय ते बघतंय कोण?”

“पण ती चूक होती ताई. चिपमध्ये दूरच्या देशाच्या कीबोर्डची नोंद होती, तिकडे या कळांची अदलाबदल असते. मी ती दुरुस्त केली. आता ‘न’ वर ‘न’ येतो. तू जरा बघून दाबलंस तर—”

“बघून? मी बघून टाईप करू? आणि मास्तरच्या तोंडाकडे कोण बघणार, तुझी बायको? आणि उद्या प्रयोग आहे रे, उद्या! इतक्या वर्षांची बोटं एका रात्रीत नव्याने शाळेत घालू?” मग ती एकदम खाली बसली. आवाजातला सगळा चढ उतरला. “मी तुला म्हटलं होतं, आहे तसा दे.”

ओरडणारी ताई भाऊंना लहानपणापासून सवयीची होती. ही गप्प बसलेली ताई त्यांना पेलवेना.

त्यांनी तोड काढून पाहिली. चिपला हात न लावता वरच्यावर, सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची पद्धत बदलली. ताईने टाईप केलं, सासूबाई सासूबाईच आल्या. ताईचा चेहरा उजळला. पण पट्टीचा प्रोग्रॅम सुरू केला आणि पुन्हा नानूबाई हजर. तो प्रोग्रॅम जुन्या वळणाचा. तो सेटिंगबिटिंगला विचारत नाही, थेट चिपला जाऊन विचारतो: कीबोर्ड कुठला? आणि चिप आता खरं सांगत होती.

“म्हणजे चिपमध्ये बदलावं लागेल,” ताई म्हणाली.

भाऊ चष्मा पुसू लागले.

“बाळ्या?”

“अगं, पण तिथे मी त्या परक्या देशाचा कीबोर्ड कसा लिहू? तो नाहीये ना तिथे! मी आजवर एका यंत्राला खोटं सांगितलेलं नाही. निदान तसला कीबोर्ड मिळाला असता तर तो बसवून...” ते उठून भंगाराच्या खोक्यात हात घालून धुंडाळू लागले. कीबोर्डांची चळत उपसली. सगळे इकडचेच.

ताईने लॅपटॉप मिटला. “राहू दे. तुझा बाणा तू सांभाळ. मी बटण दाबायला शिकते.” आणि ती गेली. दार आपटलंसुद्धा नाही तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

प्रयोगाच्या दिवशी भाऊ कारखान्यात गेले नाहीत. आजवर सर्दी-पडशालाही घरी न राहिलेला माणूस. दिवस कलला तेव्हा कुठे ताटावर बसले आणि घास घोळवत राहिले. बायकोला सगळी हकीकत आदल्याच दिवशी कळली होती. ताईने फोनवर भाऊंचा उद्धार करून घेतला होता, आणि बायकोने अधूनमधून ‘हो ना, तसेच आहेत’ म्हणून साथ दिली होती.

“म्हणजे माझं ‘सम्र’ माझ्यामुळे नव्हतं तर,” ती म्हणाली. “एवढं तरी निस्तरलं.”

“टोमणे मार. तुझाच दिवस आहे.”

“टोमणा नाही हो. मला एक सांगा. त्या चिपमध्ये तुम्ही काय लिहिता?”

“यंत्राला काय काय जोडलंय ते.”

“मग या यंत्राला काय जोडलंय?”

“पडदा, पंखा, कीबोर्ड...”

“आणि कीबोर्डला?”

“कीबोर्डला काय? काही नाही.”

“काही नाही?” तिने भाजीचा चमचा तसाच हवेत धरला. “तुमच्या ताई दिवसभर काय तिथे माश्या मारतात? त्यांची बोटं नाहीत का जोडलेली? आज नाही, काल नाही, किती वर्षं झाली. आता बोर्ड बदलला, उद्या पंखा बदलेल, परवा कीबोर्डही. बोटं तेवढी तीच आहेत. ती कुठल्या पद्धतीची आहेत?”

भाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“त्या दूरच्या देशाची,” ते म्हणाले.

“मग लिहा की तसं! यात खोटं काय आहे?”

भाऊंनी ताटातला शेवटचा घास तसाच ठेवला. हात धुतले न धुतले, चिमटा आणि स्क्रू काढायचा पेचकस रुमालात गुंडाळला आणि पायात चपला सरकवल्या. “अहो, माझ्यासाठी थांबा!” म्हणत बायको साडी बदलायला आत पळाली. ती बाहेर येईपर्यंत ते कोपऱ्यावर पोचले होते.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची संध्याकाळ ज्याने रंगपटात काढलीय त्याला सांगायला नको. दिव्यांनी वेढलेले आरसे, पावडरीचा आणि गरम इस्त्रीचा वास, एकाच वेळी चारजण शोधत असलेली एक टाचणी. सून झालेली मुलगी कोपऱ्यात तोंडातल्या तोंडात वाक्यं घोळवतेय. मास्तर एका डोळ्याची भुवई रंगवून झाल्यावर दुसरीचं विसरून गप्पा मारत बसलेत. या सगळ्यात ताई स्टुलावर मुकाट बसली होती, आणि मॅनेजर तिला समजावत होता.

“हे बटण दाबलं की पुढचं वाक्य. बस्स. चुकून दोनदा दाबू नका.”

“आणि मास्तर नाटकातलं सोडून बोलले तर?”

“तर पट्टी कोरी राहील. काय बिघडतं? थोडा वेळ राहील.”

ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं त्या वेळी पुढच्या रांगेत बसून कोऱ्या पट्टीकडे बघत असतील, आजूबाजूचे हसत असतील, आणि हे का हसतायत म्हणून ती एकमेकांकडे बघतील. ताईला ते स्पष्ट दिसत होतं. मॅनेजरला दिसत नव्हतं.

तेवढ्यात भाऊ घामाघूम होऊन आत शिरले. “ताई, लॅपटॉप दे.”

“कशाला? आणखी चांगला करायला?”

“होता तसा करायला.”

ताईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. विंगेतून नटाकडे बघायची तशीच. आणि लॅपटॉप पुढे केला.

पहिली घंटा झाली. भाऊंनी मेकअपच्या टेबलावरच्या पावडरीच्या डब्या बाजूला सारून लॅपटॉप पालथा घातला. मागचं झाकण सुटलं. तो खास स्क्रू दिसला. परवा स्वतःच इतका पिळून आवळलेला, की आता हलेना.

“कोणी आवळला हा?” ते पुटपुटले.

“आमच्याकडे एक जन्मदाखला आहे, त्याने,” ताई म्हणाली. भाऊंना हसू फुटलं, हात सैल पडला, आणि स्क्रू फिरला.

“किती वेळ लागेल?” मॅनेजर घड्याळ नाचवत होता. “तिसऱ्या घंटेला मी पडदा उघडणार. नाटक कुणासाठी थांबत नाही.”

“कोण म्हणतं?” आरशातून मास्तर म्हणाले. “माझी एक भुवई व्हायचीय. एका भुवईने मी रंगमंचावर जात नसतो.” आणि त्यांनी ब्रश हातात घेऊन तो अतिशय सावकाश, अतिशय काळजीपूर्वक, रंगात बुडवायला सुरुवात केली.

दुसरी घंटा. चिप लिहायला मोकळी झाली, लॅपटॉप सुलटा करून चालू केला. भाऊ कीबोर्डच्या ओळीवर आले. तिथे त्यांनी स्वतःच लिहिलेलं खरं होतं. ते त्यांनी पुसलं. क्षणभर बोट हवेतच राहिलं, जुनी सवय. मग त्यांनी शेजारी मांडीवर ठेवलेल्या ताईच्या हातांकडे पाहिलं. ती बोटं उतावीळ झाली होती. समोर कळा नसतानाही मांडीवरच हलत होती. भाऊंनी त्या दूरच्या देशाचा कीबोर्ड लिहिला, स्क्रू बसवला, आवळला.

“बघ.”

ताईने मास्तरकडे बघत, कीबोर्डकडे न बघता, टाईप केलं. पडद्यावर उमटलं: ‘मास्तर, सोंग पुरे, उठा.’

“आल्या का सासूबाई परत?” मास्तरांनी विचारलं, आणि दुसरी भुवई दोन फटकाऱ्यांत उरकून उभे राहिले. तिसरी घंटा झाली.

भाऊंना आणि त्यांच्या बायकोला मागच्या रांगेत कडेच्या खुर्च्या मिळाल्या. मॅनेजर त्यांच्याच पाठीमागे भिंतीला टेकून उभा, हाताची घडी. पडदा वर गेला. सून आली आणि म्हणाली, “सासूबाई, सगळं सांगते, नवरा नाही सापडत,” आणि वरच्या काळ्या पट्टीवर शब्दन् शब्द जिथल्या तिथे लागला. भाऊ खुर्चीला पाठ टेकून बसले.

पुढे मास्तर आले. पहिली दोन वाक्यं नाटकातली बोलले, तिसऱ्याला सुटले. नवरा शोधायला ते खुर्चीखाली वाकले, फुलदाणीत डोकावले, मग थेट प्रेक्षकांत बघून म्हणाले, “हा गृहस्थ घरात असतानासुद्धा सापडत नसे. आता तर बाहेर गेलाय. कसा सापडावा?” नाटकात हे कुठेही नव्हतं. सभागृह हसलं. आणि ते हसू विरतंय न विरतंय तोच पुढच्या एका रांगेतून दुसरं हसू उठलं. पट्टी वाचणाऱ्यांचं. एक पापणी लवेल एवढंच मागून.

मास्तरांना तेच हवं होतं. म्हातारा त्या दुसऱ्या हसण्याची वाट बघून मग पुढचं बोलायला लागला. एकेका वाक्याला दोन-दोन हशे मिळवून घेत होता. विंगेत बोटं पळत होती. मास्तर जितके नाटकाबाहेर जात, तितकी ती जास्त मजेत पळत होती, असं भाऊंना पट्टीवरून कळत होतं.

मागे मॅनेजरने हाताची घडी सोडली. मध्यंतर व्हायच्या आधीच तो अंधारातून वाट काढत विंगेकडे गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

“काय झालं?” भाऊंच्या बायकोने मान वळवून विचारलं.

“काही नाही. बाईंना चांगली गादीची खुर्ची देऊ का विचारायला गेलो होतो,” तो म्हणाला. “पुढच्या सगळ्या प्रयोगांना बसायचंय, तर म्हटलं पाठ धरेल. नको म्हणाल्या. आणि मध्ये बोलू नका म्हणाल्या.”

रंगमंचावर मास्तर पुन्हा काहीतरी बोलले. सगळं सभागृह हसलं, भाऊंची बायकोही तोंडाला पदर लावून हसली. भाऊ मात्र ढिम्म. ते हसले ते पुढच्या रांगेबरोबर, दुसऱ्या खेपेला.

“अहो, कान गेले का तुमचे?” बायकोने कोपराने ढोसलं.

“श्श,” भाऊ पट्टीवरची नजर न हलवता म्हणाले. “मला वाचू दे.”